जन्मनोंद

सव्वापाचनंतर ग्रामपंचायतीचा प्रिंटर माझा एकटीचा.
साहेबांची गाडी सडकेला लागली की
मी कपाटातून चुकलेले फॉर्म काढते,
एक बाजू छापलेली, दुसरी कोरी.
कोऱ्या बाजूवर खिलेश्वर रकाने आखतो:
शक्ती. चपळाई. शहाणपण. देव. शत्रू. शपथ.
नागपूरच्या होस्टेलातून त्यानं दोनच गोष्टी आणल्या,
अर्धा डिप्लोमा
आणि वीस बाजूंचा एक निळा फासा.
बाकी काम चिंचोके करतात:
अठरा फोडी स्टीलच्या वाटीत हलवायच्या,
जेवढ्या पांढऱ्या पडतील तेवढे गुण.

पुस्तोडे मास्तरांचा धाकटा जादूगार झाला.
तिलोत्तमा चोर झाली, तिला आधीपासूनच व्हायचं होतं.
माझ्या वाट्याला उरला व्रतवाला लढवय्या.
"म्हणजे बुवा?"
"बुवा नाही वो. तलवारवाला. पन जंगलाचा.
शपथ मोडली का ताकद गेली.
सांग, देव कोनता?"

त्या रकान्यात मी इतका वेळ पेन टेकवून बसले
की शाईचा ठिपका हरभऱ्याएवढा झाला.
मग लिहिलं: तलाव.
"तलाव देव नसते."
म्हटलं, आमच्या कापगत्यांना विचार.
पाळ ज्यांनी घातली त्यांची नावं
कुठल्याच रजिस्टरात नाहीत, मी शोधलीत.
पण तुडूम उघडायच्या दिवशी
बाबा चप्पल अलीकडे काढून ठेवतात.

चिंचोके पडले. शक्ती: सहा.
"हे तं फावडं बी नाही उचलनार," तिलोत्तमा हसली.
मी लगेच लिहून घेतलं. शस्त्र: फावडं.
चिलखत: ऐनाच्या सालीचं, मगरीच्या पाठीसारखं.
घोडा नको. सारस.
"सारसावर बसता येत नाही."
बसणार नाहीच. तो पुढे चालेल,
ही मागून, धुऱ्याधुऱ्यानं,
त्याच्या पावलावर पाऊल टाकत.

नाव सुचेना म्हणून कागद उलटा केला.
बालकाचे नाव: तरणा.
तरुणा हवं होतं, एक उकार माझ्याकडून राहिला,
तिच्या आईनं बोट ठेवून दाखवला होता.
तरणा. बुडत नाही असं नाव.
ठेवून घेतलं.

शत्रूच्या रकान्यात बाकीच्यांनी
ड्रॅगन लिहिला, हाडांचा राजा लिहिला.
मी लिहिलं: बेशरम.
सगळे खिदळले.
खिलेश्वर नाही हसला. त्याचं घर तलावाकडेच आहे.
फिकट जांभळी फुलं, गुरंही तोंड लावत नाहीत,
तोडून फेकलं तर फेकलं तिथं मूळ धरतं,
आणि दर उन्हाळ्यात पाणी
आणखी दोन पावलं आत सरकतं.
त्यानं माझ्या हातून पेन घेतलं आणि पुढे लिहिलं:
जीव, अगणित.

शपथ राहिली होती.
निसर्गाचे रक्षण करीन, असं लिहिलं
आणि खोडलं. शाळेच्या भिंतीवर आहे ते,
त्याच भिंतीला टेकून प्लास्टिक जाळतात.
वीज गेली. मोबाइलच्या उजेडात लिहिलं:
पाळीवर उभी राहीन.
कुणी विचारलं तर नाव सांगेन.

सकाळी कागद जागेवर नव्हता.
साहेबांच्या ढिगात गेला होता,
आणि साहेब ढीग वाचत नाहीत, सही करतात.
गोल शिक्का, जांभळी शाई,
बरोबर फावड्यावर.
मी तो बाहेर काढला नाही.
सुतळी ओवली, आवक क्रमांक टाकला,
फाइल परत फडताळात.

शनिवारी खिलेश्वर म्हणाला, "कागद कुठं आहे?"
"रेकॉर्डला."
"मंग कसं खेळशील?"
"पाठ आहे."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आवाज बदलला,
खेळातला, जरा जाडा:
"तू पाळीवर उभी आहेस. अंधार आहे.
खाली पानं हलू लागलीत, वारा नसताना.
काय करतेस?"

निळा फासा माझ्या मुठीत, घामानं ओला.
खिडकीबाहेर अंधार पडलाच होता.
टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशी,
मी चप्पल काढली.