लाईन नाही

आधी बरं होतं.
दुपारी साडेबाराला लाईन जायची.
चक्कीचा पट्टा फडफडत मंद व्हायचा,
दगडांच्या मधला शेवटचा घास
पिठाच्या पिशवीत सावकाश गळायचा,
आणि गाव एवढं गप्प
की टिनावर चालणाऱ्या चिमण्यांची नखं ऐकू यायची.

मी हात झटकायची.
कॅलेंडरात टोचलेली सुई काढायची.
गव्हाच्या कट्ट्यामागे दडवलेली वाकळ
ओढायची बाहेर.

काय नव्हतं तिच्यात:
सासूच्या हिरव्या लुगड्याचा धडपा,
ह्यांच्या खाकी पँटचे, गुडघे वगळून, दोन्ही पाय,
पोरीच्या शाळेचा निळा दुपट्टा,
प्रचाराचं एक फडकं,
ज्याच्यावरचं चिन्ह मी मुद्दाम आतल्या बाजूला घेतलं.
सगळ्यावर पीठ.
टाका घातला की जरासं उडायचं.

दारात डब्यांची रांग.
"कधी येईन वो लाईन, बेबीताई?"
"मले का मालूम, राठोड वायरमनले पुसा."
आणि मनात म्हणायची, तीनच्या आधी नको.

मग ई-क्लासच्या पडीक जमिनीवर
निळ्या काचा बसल्या, ओळीनं, उन्हाकडे तोंड करून.
दिवसा लाईन जाणं बंद.
सरपंचांनी पेढे वाटले. मीही खाल्ला,
दुसरा पोरीसाठी पदरात बांधला.

त्या दिवसापासून सात ते सात.
गहू, मग ज्वारी,
बचत गटाच्या पापडांचे उडीद,
ठाकऱ्यांच्या लग्नाचं दीड कट्टा बेसन,
मधेच घरी पळून भाजी फोडणीला टाकायची,
करपली की नाही ते चक्कीवर बसून नाकानं ओळखायचं.
वाकळीचा हिरवा कोपरा उंदरानं खाल्ला,
ते मला दोन महिन्यांनी कळलं.
कधी कधी चक्कीच्या झाकणावरच्या पिठात
बोटानं टाके ओढायची,
एक, एक, एक,
पुढचा डबा ओतला की पुसून जायचे.

पोळ्याच्या आधी दिग्रसचे वलीभाई आले
दगडाला टाकी लावायला.
वरचा दगड उतरवून, उताणा करून,
छिन्नीनं टकटक, टकटक, अर्धा दिवस.
म्हणाले, "गुळगुळीत झाला का पीठ जयते, ताई.
थांबाच लागते."
ते दगडाबद्दलच बोलत होते.
मी चहा दिला, पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला
मीच खटका खाली ओढला.
पोरीची जुनी पाटी दाराला टांगली:
लाईन नाही.

समोर गावंड्यांच्या दुकानात पंखा फिरत होता.
टीव्हीवर कुणाची तरी सून मोठ्यानं रडत होती.
लोक पाटी वाचायचे, पंख्याकडे बघायचे,
डबा ठेवून निघून जायचे.

तिसऱ्या दिवशी गुंफाबाई आली, पायलीभर ज्वारी घेऊन.
पाटी तिला वाचता येत नाही.
पंखा दिसतो.
"नाही का लाईन?"
"नाही."
"बरं झालं," म्हणाली,
आणि बसली, पाय पसरून.
दोऱ्यानं बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला,
वाकळीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं.
"तुया टाका लय लांब पडून राह्यला वो.
थंडी शिरन ना त्याच्यातून."
तिनं माझी अख्खी ओळ उसवली.
मला राग आला नाही. थोडा आला.

काल तर सुई काढलीच नाही.
वाकळ जमिनीवर अंथरली, अर्धीमुर्धी, दोरे लोंबत असलेली,
आणि तिच्यावरच आडवी झाली.
वर टिन तापलेलं. दूर कुठं बोअरची मोटर.
डोळा लागला, तेवढ्यात फटफटी थांबली.
राठोड वायरमन.
पाटी वाचली असावी त्यानं,
मीटरही बघितलं असावं.
"का झालं हो इथं? सगळ्या गावात तर—"

"हळू बोल," गुंफाबाई म्हणाली,
"लाईन नाही."