सात नंबर

धरणगावच्या आमच्या बँडात या चालीला नाव नाही.
वहीत फक्त आकडा : सात.
हुसनोद्दीन मास्तर पाच बोटं दाखवतात, मग दोन,
झिपरूदादा ढोलाचा पट्टा वर ओढतो,
मी क्लॅरिनेटची पट्टी जिभेवर ओली करतो.

लग्नात नाही वाजवत आम्ही ती.
कानबाई निघते तेव्हाच,
रात्रभर जागलेल्या बाया
बाजारपेठेत समोरासमोर दोन रांगा धरतात,
पुढे येतात, मागे सरतात,
आणि शेवटची जोडी हात धरून
मधल्या वाटेनं वर निघून जाते.

मास्तर म्हणतात,
भिल्ल पलटण इथं होती तेव्हाची गोष्ट.
एक गोरं पोरगं, पलटणीचं पावावालं,
हिवतापानं कुडकुडत हीच एक चाल वाजवायचं,
दुसरी येतच नव्हती त्याला.
पणज्यानं त्याला कळण्याची पेज पाजली.
जाताना पोरगं चाल ठेवून गेलं.

झिपरूदादा पानाची पिंक टाकतो : थापा.
भुसावळला, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटात,
शनिवारी लाकडी फरशीवर साहेब-मडमा नाचायच्या
आणि त्याचा आजा बाहेर बसून
पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून पंखा ओढायचा.
पंखा तालात हलायला लागला की शिव्या खायचा.
चाल अंगठ्यातून घरी आली, म्हणतो.

मागच्या श्रावणात एक विलायती म्हातारा आला,
हातात छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र, डोक्याला उपरणं.
ऐकलं आणि पायरीवर बसलाच.
आमच्या गावची, म्हणाला.
मग जरा थांबून :
आमच्याकडे म्हणतात, कुणा खलाशानं आणली.
कुठून?
त्यानं खांदे उडवले.

तिसऱ्या ओळीत एक सूर आहे,
अर्धा उतरलेला, कशातच न बसणारा.
तिथं पोरगं खोकलं, मास्तर म्हणतात.
तिथं दोरी निसटली, झिपरूदादा म्हणतो.
म्हातारा म्हणाला, आमच्यातही तिथंच,
तसाच.

मी एकदा तो सूर नीट करून वाजवला.
दोन्ही रांगा अडखळल्या.
चिंधाबाईनं डोक्यावरची कानबाई सावरत
वळून पाहिलं माझ्याकडे :
"काय करी राहिना रे भाऊ?
जशी शे तशी वाजाड.
मना पाय थांबेल शेतस."