तीन हाका

रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
विश्वामित्रीला पासष्ट मीटर पूर आला.
कीर्तिमंदिराचा कळस बुडाला,
अलकापुरी बुडाली, मांजलपूर बुडालं,
पाणी मात्र कुठेच नव्हतं.
वैशाखातली नदी. पुलाखाली गुडघाभर काळं,
त्यात एक मगर,
भोंगा ऐकूनही जिला डोळा उघडावासा वाटला नाही.

रायसंगभाईंचा फोन :
बेन, तमारुं मशीन गांडुं थयुं छे.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पंखा बंद करून बसले
(पंख्याच्या घरघरीत मला नोंदी वाचता येत नाहीत).
सोळाच्या सोळा बिट एक.
यंत्र खोटं बोललं नव्हतं,
यंत्र झोपलं होतं.
आम्हीच निजवलेलं, बॅटरी पुरावी म्हणून :
दोन सेकंद कुणी काही विचारलं नाही
की मीट डोळे.
आणि तारेला कुणी खाली ओढलंच नाही
तर ती वरच राहते.
गप्प बसणं तिथे शून्य नसतं,
गप्प बसणं म्हणजे सगळ्याला हो.
फणसेबाईंच्या तासाला पेंगताना
मीही अशीच मान हलवायचे,
काय विचारलंय ते न कळता.

झोपेचं सोंग यंत्राला येत नाही, एवढं बरं.
म्हणजे आधी उठव.
उठलं का, बघ.
मग विचार, किती पाणी.
आणि निघताना सांगून जा, माझं झालं.
कर्नल कुणाचं तोंड बघत नाही, नुसतं मोजतो
हे अजून किती जणांना हवंय.
एक. दोन. परत एक.
शून्यावर आलं की मालवतो.

वर एक ओळ घातली, खाली एक. घरी जाऊन झोपले.

पाचव्या दिवशी बॅटरी मेली.
ऊन रखरखीत, पॅनेल पुसलेलं,
आणि मोजणी तीनवर अडकलेली.
तीन कोण?
रात्रपाळीला केतुल आणि मी, दोघंच.

सापडलं ते पहाटेच्या नोंदीत.
तीन हाका वाया गेल्या होत्या,
चौथीला ते उठलं.
पण हाक मारली की मोजणी वाढते,
ओ आली की नाही, हे कुणी बघत नाही.
आणि ओ आली नाही तेव्हा
मी चूक नोंदवून अर्ध्यातून परतले होते
हाक मागे न घेता.
त्या तिघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या चार दिवस,
आणि ते बिचारं जागं,
कुणी विचारेल म्हणून.

केतुल म्हणाला, एका ओळीचं काम.
एका ओळीचंच होतं.

संध्याकाळी शिडी लावून नवी बॅटरी बसवली.
रायसंगभाईंनी खालून शिडी धरली होती,
तोंडात तंबाखू, म्हणून प्रश्न नव्हते.
हिरवा दिवा लागला. विचारलं : किती?
एक मीटरही नाही.
माझं झालं, म्हटलं.
एक,
दोन,
मालवला.
खाली मगरीने कूस बदलली,
किंवा नुसतं पाणी हललं असेल.
शिडीवरूनच मी पुन्हा एकदा विचारलं.