अठ्ठ्याण्णव डबे

आधी मी तो कागदावरच काढला होता.
दोन खांब, एक निळा, एक नारिंगी,
खाली बारीक अक्षरांत टीप.
सेन्योर बाल्तझारनी चष्मा कपाळावर सरकवला,
"रंग छान निवडलेस, फिलोमेना,"
आणि कॉफीचा कप त्यावरच टेकवला.

मग तीन महिने तो कँटीनच्या भिंतीवर होता,
सुट्ट्यांची यादी आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीच्या मधोमध.
बायका खालून जायच्या, ओले हातमोजे सोलत.
मान वर कोण करणार?
मान दिवसभर खालीच असते:
सार्डिनचं डोकं उडवायचं, पोट साफ करायचं,
डब्यात पाच बसवायचे, एकाआड एक उलटे,
आणि बोट कापलं तर तेलात रक्त उतरू द्यायचं नाही.

झुल्मिरा एकदा थांबली, खूप वेळ बघत राहिली.
"मला खांब कळत नाहीत गं," म्हणाली,
"मला डबे कळतात."

त्या सोमवारी धुक्यामुळे बोटी उशिरा आल्या.
मातोझिन्योशच्या बंदरावर भोंगा नुसता कण्हत होता
आणि आम्ही चौदाजणी रिकाम्या हातांनी बसलेल्या.
रिकाम्या हातांची सवय नाही कुणाला.
मी म्हटलं, एक डबा म्हणजे पन्नास युरो.
बर्फघराच्या दारापासून सुरू करू.
ही झुल्मिराच्या वर्षाची रांग,
ही फिर्मिनोची, जो झाकणाचं मशीन दुरुस्त करतो.
श्रेणी एकच. करारावर सही एकाच दिवशीची.

दोनशे एकोणपन्नास डब्यांपर्यंत
रांगा शेजारी शेजारी गेल्या, शाळेतल्या पोरींसारख्या.
मग गटाराच्या जाळीपाशी झुल्मिराचे डबे संपले.
फिर्मिनोचे चालत राहिले:
वजनकाट्यावरून, हजेरीच्या घड्याळाखालून,
प्रथमोपचाराच्या पेटीला वळसा घालून
थेट फाटकापर्यंत, जिथून समुद्र दिसतो.

कुणी काही बोललं नाही.
झुल्मिरा आपल्या शेवटच्या डब्यापाशी उभी राहिली
आणि चालायला लागली, मोठ्याने मोजत.
चौदा पावलं.
फाटकातून मागे वळून म्हणाली,
"एवढं लांब असतं होय ते?"

देओलिंदा कोपऱ्यातून उठली. एकतीस वर्षं झाली तिला इथे.
"माझी सगळी वर्षं मांड."
मी ढोबळ हिशेब केला, सांगितलं,
रांग फाटकाबाहेर जाईल, धक्क्यावरून, थेट पाण्यात.
आणि डबे पुरायचे नाहीत.
"पुरतील," ती म्हणाली, "भरतो आम्हीच."

बाल्तझार नऊला आले.
पाय कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.
टाचा उचलून, डगमगत, रांगांच्या मधून आले,
लग्नमंडपात उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखे,
आणि जाळीपाशी जागा मोकळी झाली
तेव्हा आधी हायसं वाटलं त्यांना,
ते मी पाहिलं.
मग त्यांनी खाली बघितलं. मग शेजारी.
कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला.
"ही कुणाची?" एवढंच विचारलं.
उत्तर द्यायला चौदाजणींनी एकदम तोंड उघडलं.

दुपारी ट्रक आला. डबे लियाँला जायचे होते,
माल तो माल. आम्हीच उचलले, आम्हीच खोक्यांत रचले.
फरशीवर तेलाचे लांबट ठसे उरले,
एका बाजूला फाटकापर्यंत,
दुसऱ्या बाजूला जाळीपर्यंत.

झुल्मिराने पोछा घेतला. तिच्याच कामात मोडतं ते,
करारात नसलं तरी.
एक रांग पुसली. दुसरी पुसत आली.
जाळीपुढे कोरड्या, स्वच्छ फरशीवर ती थबकली:
"इथे काय पुसू? इथे काही नाहीच."

फिर्मिनो दारात सिगरेट न पेटवता उभा होता.
पगाराचं अजून काही ठरलेलं नाही. बैठक आहे म्हणतात, गुरुवारी.
पण तेव्हापासून तो तेवढ्या जागेवरून चालत नाही.
भिंतीकडून, वळसा घालून जातो.