पोटखराब

चौतीस वर्षं मी नकाशे काढले
सिव्हिल लाईन्समधल्या दगडी इमारतीत,
जिथं उन्हाळ्यात कूलरच्या खसाचा वास
शाईलाही लागायचा.

कामठीच्या पुढं कन्हान जिथं कंबर वळवते
तिथला तुकडा माझ्याच हातचा.
गट नंबर दोनशे अकरा.
नदीनं कधीतरी टाकून दिलेला जुना बाक.
ना धड शेत, ना धड पाणी.
चार महिने तळं, चार महिने चिखल,
मग भेगा, आणि भेगांत उभे बगळे.
असल्या जमिनीला आमच्या खात्यात एकच शब्द होता :
पोटखराब.
तो मी टाकाच्या टोकानं लिहिला
आणि जेवायचा डबा उघडला.

खराबच म्हटल्यावर
कुणी मुरूम आणून ओतला,
कुणी लग्नाच्या पत्रावळी.
औष्णिक केंद्राची राख
आमंत्रण नसताना येऊन बसली.
बेशरम माजली, बाराही महिने जांभळी हसत.
जलपर्णीनं पाण्याचं तोंड दाबलं.
कमळपक्षी नेमके कोणत्या साली गेले
हे कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.

निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, चालत जा.
मी बसनं गेलो. मग ऑटोनं.
शेवटचा अर्धा कोस तेवढा चाललो.

वैशाखातली सकाळ. नऊ बायका,
गुडघाभर गाळात,
बेशरम मुळासकट उपटत होत्या.
शेवंता मारबते, ढिवरांची,
पदर कमरेला, कानात बिडी :
"तोडलं त दुप्पट येते जी.
मुळीच काढा लागते."

टोपलीत चिऊल, गाद, परसूड.
लांबच्या कुठल्या बोडीतून आणलेले कंद,
ओल्या गोणपाटात,
आजारी लेकरासारखे झाकलेले.
"हे पान वर तरंगते, ह्याच्याखाली मासोळी अंडे देते.
हे बुडून राह्यते, ह्याच्यात पिल्लं लपते.
आन काठाचं देवधान पाखराचं.
त्याले आपन हात नाही लावाचा."
जमिनीला चार बाजू असतात
एवढ्यावर माझी नोकरी निभावली.
हिला पाण्याचे मजले पाठ होते.

"तुमी कोन होय जी? सरकारातले?"
होतो, म्हणालो. मग सगळंच सांगितलं.
तो शब्दही.
ती हसली नाही, चिडलीही नाही.
हातातला कंद चिखलात अंगठ्यानं दाबत म्हणाली,
"पोट त इच्यावरच भरलं आमचं.
खराब काहून लिवलं?"

तिसऱ्या वर्षी पाटी लागली.
निळी, पांढऱ्या अक्षरांची : संरक्षित पाणथळ क्षेत्र.
मासेमारीस सक्त मनाई.
मंडप, हार, भाषणं.
ज्यांनी गाळ उपसला त्या नऊजणी
मंडपाबाहेर उन्हात.

आता त्या पाटीवर
शेवंताचं जाळं वाळत असतं.
भोयर नावाचा पोरगेला वनरक्षक
ते बघतो आणि दुर्बीण डोळ्याला लावतो,
दुसरीकडे.
पाखरं मोजायच्या दिवशी तिच्याच दारात जातो;
धुक्यात त्याला टिबुकली आणि बदकाचं पिल्लू
सारखंच दिसतं.

मी दुरुस्तीचा अर्ज दिला.
काचेमागची मुलगी भली होती. बराच वेळ
माऊस वरखाली करत राहिली.
"काका, लागवडीखाली आहे का? नाही.
बिनशेती? नाही.
मग रकानाच नाही हो."

म्हणून घरी, डायनिंग टेबलावर,
उरलेल्या ट्रेसिंग कापडावर
दोनशे अकरा पुन्हा काढायला घेतला.
हद्दीची रेघ काही जुळेना.
आषाढातली वेगळी, माघातली वेगळी.
दोन्ही काढल्या. मधली जागा
कोरी ठेवली.

माघात तो घेऊन गेलो.
शेवंतानं कापड उन्हात धरलं,
उलटं, मग सुलटं.
"बाकी बराबर हाय," म्हणाली.
"मरळ कुठी हाय ह्याच्यात?"

मी खिशात पेन्सिल शोधली.