थुंकायचं पाणी

टेकडीच्या उतारावर आमचं गेर,
नमद्याचं, गोल, मधोमध चूल.
खाली उलानबातर दिसत नाही नोव्हेंबरपासून,
नुसता धूर दिसतो
आणि धुराला खालून लागलेले दिवे.

बत्तीस वर्षं मी कारखान्यात लोकर विंचरली.
निम्मी कोटांना गेली,
उरलेली माझ्या छातीत आहे, असं मी म्हणते.
डॉक्टर दोन नावं सांगतात:
दमा, लहानपणापासूनचा,
आणि दुसरा तो, फुप्फुसं अरुंद करत नेणारा, आता कायमचा.
दोघे एकाच अंथरुणात झोपतात.
म्हणून औषधही जोडीचं,
एक नळ्या उघडतं, एक सूज उतरवतं,
जांभळ्या गोल डबीत.

पहिल्या महिन्यात
धाप लागली तरच मी ती डबी उघडायची.
आग नसताना पाणी कोण ओततं?
एका रात्री आग लागली.
ओढत राहिले, एकदा, दोनदा, पाचदा,
हात थरथरले, काळीज उधळलं,
श्वास मात्र दाराशीच बसून राहिला.
नातवानं, बिल्गूननं, एकशेतीन फिरवला.
गाडी टेकडी चढेपर्यंत
मी चुलीकडे बघत होते, चूल माझ्याकडे.

मग ओयुन्चिमेग आली, दवाखान्यातली नर्स,
पंचविशीची, बुटांत बर्फ घेऊन.
रागावली नाही. दोन्ही इनहेलर पाटावर मांडले.
"ही निळी म्हणजे शेजारीण, आजी. हाकेला धावते.
तीही रोज रोज धावायला लागली तर मला कळवायचं.
ही जांभळी म्हणजे सून.
सकाळ-संध्याकाळ गुपचूप आपलं काम करते.
बरं वाटलं म्हणून तिला माहेरी धाडू नका,
वाईट वाटलं म्हणून दुप्पट राबवू नका."
मला सून नाही.
पण समजलं.

आधी तोंड बाजूला वळवून श्वास सोडायचा,
डबीत फुंकर नको, आतली भुकटी ओल धरते.
मग ओठ घट्ट, एकच ओढ, जोरात, लांब.
मग थांबायचं, दहापर्यंत.
दहा मी आकड्यांनी मोजत नाही.
पाण्याच्या टपरीपासून वर येताना लागणारी
कुंपणांची दारं मोजते:
हिरवं, निळं, गंजलेलं, पुन्हा हिरवं,
सातव्यापाशी कुत्रा,
दहावं आमचं.
आठव्याशीच सुटतो कधी कधी.

"आणि शेवटी चूळ भरा, थुंका."
इथे आमचं बिनसलं.
वीस लिटरचा कॅन, हातगाडी, बर्फ, चढ,
तीनदा थांबून आणलेलं पाणी
थुंकायचं?
मी गिळत होते ते, सरळ.
"आ करा," म्हणाली, आणि आरसा धरला.
जिभेवर, टाळूला पांढरे डाग,
छपरावर वाळत घातलेल्या
दह्याच्या वड्यांसारखे.
म्हणून चहा झोंबत होता आठवडाभर,
आणि मी दोष देत होते मिठाला.

आता खिडकीशी माझा वेगळा पेला असतो.
चहाचा पहिला चमचा आकाशाला, पूर्वीसारखाच.
त्याआधी दोन घोट, खळखळून,
दाराबाहेर. पडताच गोठतात.
जमिनीची माफी मागते, मनातल्या मनात.
बिल्गून डबीच्या खिडकीतला आकडा वाचून सांगतो.
आज सतरा.
दहाच्या आत आला की तो खाली जाऊन नवी आणणार,
तसं ठरलंय.

काल सोदनोम आला, चार दारं खालचा,
खोकत, भिंतीला धरून.
"तुझी ती जांभळी दे गं, एकच ओढ."
आमच्या घरात आल्या माणसाला नाही म्हणत नाहीत.
चहा दिला. चुलीजवळची जागा दिली.
बिल्गूनचा जाड मफलर दिला, तोंडावर बांधायला.
डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली
आणि ओयुन्चिमेगचा नंबर
कोळशाच्या पिशवीवर लिहून त्याच्या हातात दिला.
रागावून गेला.
सकाळी बघितलं तर उतारावरून तिच्याच दवाखान्याकडे निघालेला,
दर तीन दारांनी थांबत.