ठोक्याच्या मागे

सिप्रियान मास्तर देवळालीहून सायकलवर यायचे,
कॅरिअरला आडवी बांधलेली काळी पेटी,
जणू कुणाचं तान्हं दवाखान्यात न्यायचंय.
तोफखान्याच्या बँडातून निवृत्त. लग्नात वाजवत नसत.
कुठे वाजवतात, हे कुणी विचारलं नाही.

तांबट लेनमध्ये त्यांचं काम एकच :
सॅक्सोफोनला पडलेला पोचा.
पितळ ते पितळ, अप्पा म्हणायचे,
हंडा असो, नाहीतर हे वाकड्या मानेचं प्रकरण.
आतून लाकडी गोळा, बाहेरून हलका हात,
आणि पोचा निघून जायचा,
आगंतुक पाहुण्यासारखा, न सांगता.

मजुरीचे पैसे एकदा नव्हते.
मास्तरांनी चार तबकड्या दिल्या
आणि चावीचा फोनो, उसना.
तो परत न्यायला ते आले नाहीत.

लेबलावरचं नाव झुरळांनी खाल्लेलं.
‘आणि त्याचे चौघे’ एवढंच शिल्लक.
एका बाजूला तीन मिनिटं, त्यात पाच माणसं :
एक ड्रमवर केरसुणीनं अंगण झाडतोय,
एक बासवर भद्रकालीतून घरी निघालाय,
घाई नाही, पण थांबतही नाही.
पियानो मध्येच हो म्हणतो. गिटार नुसती श्वास घेते.
आणि तो, पाचवा, उशिरा येतो,
घसा खाकरून, दारात चप्पल काढत.

अप्पांनी हातोडी खाली ठेवली.
चाळीस हातोड्यांच्या गल्लीत
आमची एक थांबली तर कुणाला कळणार?
म्हणाले, हा ठोका चुकवत नाही रे,
ठोक्याच्या जरा मागे चालतो.
पत्रा तापलेला असला की हात असाच ठेवावा.

पुढे कान गेले. तांबटांचे जातातच.
बारीक आवाज आधी गेले :
चिमण्या, आईच्या बांगड्या,
दारावरची सायकलची घंटी.
मग आम्हा पोरांची हाक.
पण तो भरदार, खालचा,
छातीतून निघणारा सूर राहिला.
घरात बोलणाऱ्यांपैकी
अप्पांना ऐकू येणारा तो एकटाच.
आईला याचा राग होता. म्हणायची,
मेल्याला मराठी तरी येतं का?

शेवटच्या वर्षी तोही गेला.
मी मोठं घंगाळ उपडं घातलं, त्यावर फोनो ठेवला.
अप्पांनी तळवा तांब्याला टेकवला, डोळे मिटले.
जरा वेळानं अंगठा हलायला लागला,
ठोक्याच्या किंचित मागे.

तो उशीर त्या वाजवणाऱ्याचा होता,
की सूर तांब्यातून हाडापर्यंत पोचायला लागणारा,
मला कान असून कळलं नाही.

तबकडी संपली. सुई मधल्या रेघेत
खरखर फिरत राहिली.
अंगठा चालूच होता.
मी सुई उचलली नाही.